उलटा चालणारा बँजोवाला

वरातीत बँडवाले पुढं तोंड करून चालतात. हा एकटा नवरदेवाकडं तोंड करून उलट्या पावलानं चालायचा. गळ्यात पट्ट्यानं अडकवलेला बँजो, डावा हात बटणांवर, उजवा तारांवर, आणि पाय मागं मागं. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत तो असाच जायचा. रस्ता कसाही असो, कधी पडला नाही. पोरंबाळं नवरदेवाचा घोडा सोडून याच्या पायांकडं बघायची. म्हणून त्याचं नाव उलटे मास्तर पडलं. मी त्याला मास्तर कधी म्हटलं नाही. आम्ही एका वयाचे, एका गावचे. मी नुसतं उलटा म्हणायचो, आणि तो मला किस्ना म्हणायचा.

तो असा का चालतो हे त्याला सगळे विचारायचे. त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "ज्याच्यासाठी वाजवून राह्यलो, त्यालेच पाठ दाखवू काऊन?" ऐकणारा मान डोलवायचा. ही गोष्ट त्यानं अंगातच लावून घेतली होती. हॉटेलात बसला तरी चहा करणाऱ्याकडं पाठ करायचा नाही. भांडण झालं तर भांडणाऱ्याकडंच तोंड करून मागं सरकत घरी जायचा. त्याची बायको म्हणायची, "ह्यांची आन् माही लढाई गल्लीच्या टोकावरूनबी दिसते." लोक हसायचे. मीही हसायचो, पण मनात म्हणायचो, अरे, पुढचं दिसते म्हणून हसता, याच्या मागं कोण आहे ते बघा ना.

मागं मी होतो. आमच्या गावच्या बँडात साइड ड्रम माझा. मी पुढं बघत चालायचो, माझ्या पाठीशी तो, त्याची पाठ माझ्या पाठीकडं. पहिल्यांदा तो असा उलटा फिरला तो पाटलाच्या घरच्या लग्नात. वाड्याकडच्या गल्लीत कोणी सांडपाण्यासाठी चर खणून ठेवला होता. मी तो ओलांडला आणि मला कळलं की हा आता त्यात जाणार. ओरडून ऐकू येणार नाही, भोंगा कानाशी. मी ड्रमच्या लोखंडी रिंगवर दोन कोरडे ठोके दिले, टक्, टक्. तालात नव्हते, म्हणून ते त्याला टोचले असतील. त्यानं पाय लांब टाकला आणि चर ओलांडला. बोटं बँजोवरून हलली नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.

पुढच्या लग्नात खड्डा आला, मी दोन दिले, तो सरकला. मग वळण आलं तेव्हा मी ड्रम लांब घुमवला. शेण आलं तर तीन ठोके. असं करत करत आमची एक भाषा झाली. ती आम्ही कधी बसून ठरवली नाही आणि तिच्याबद्दल कधी बोललोही नाही. इतकी वर्षं झाली, त्यानं एकदाही म्हटलं नाही की किस्ना, तू होता म्हणून मी चाललो. मला तेवढंच एक ऐकायचं होतं. चार लोकांत म्हणाला असता तर बरं, एकट्यात म्हणाला असता तरी चाललं असतं. मी विचारणार नव्हतो. विचारून मिळालेली गोष्ट भिकेची.

बाप त्याचा बांगड्यांचा दुकानदार, आठवडी बाजारात बसायचा. पोरगं बाजारात थांबायचं नाही. पीरसाहेबांच्या उरुसाला कव्वालीवाले यायचे, त्यांच्या मागं जाऊन बसायचं आणि बँजोवाल्याच्या बोटांकडं बघायचं. तेवढ्यावर तो शिकला. मी ड्रम शिकलो ते काकाच्या छड्या खाऊन, पोत्यावर काड्या मारमारून. त्याला गाणं एकदा ऐकलं की यायचं. मला तीनदा ऐकावं लागायचं. मी मनाची समजूत घालायचो की उशिरा आलेलं जास्त टिकतं. पण त्याचंही टिकायचं, त्याला मी काय करू.

जेवणाच्या पंगतीत हे जास्त कळायचं. नवरीकडच्या बाया वाढायला आल्या की, "मास्तर, अजून एक वाटी बुंदी," "मास्तर, लाजू नका." माझ्या पत्रावळीवर वाढपी न बघताच पुढं जायचा. एकदा एका बाईनं मला म्हटलं, "भाऊ, जरा सरका, मास्तरले बसू द्या ऐसपैस." मी सरकलो. त्याच दिवशी परतीच्या वरातीत, बैल बांधायच्या जागेपाशी, मी तीन ठोके दिले नाहीत. माझ्या हाताला खाज आली होती, ती खाजवत होतो. तो घोट्यापर्यंत भरला. वाजवायचा थांबला नाही. पाय धुताना माझ्याकडं बघून एवढंच बोलला, "काऊन बा किस्ना, हात दुखून राह्यला का आज?"

"नाही."

"मग ठीक आहे. मले वाटलं दुखते."

म्हणजे त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. तरीही त्या एका वाक्याच्या पलीकडं तो गेला नाही.

भैंशाच्या बँडानं त्याला नेलं तेव्हा वांग्याचा हंगाम होता. भैंसा म्हणजे कापसाचं गाव, जिनिंगवाले शेठ, त्यांच्याकडची लग्नं दिवस-दिवस चालायची. बँडाचे कपडे लाल, खांद्यावर सोनेरी झुपके. त्यांची जीप आमच्या पारापाशी थांबली. तो ट्रंक घेऊन माझ्या मळ्यावर आला. मी पाणी धरत होतो.

"किस्ना, तू बी चल," तो म्हणाला.

"मी काऊन येऊ? वांग्याले पाणी तू देशील?"

"एका हंगामानं वांगे मरत नाहीत."

"माहे मरतात."

तो बांधावर उभा राहिला. मी वाफा फोडला, पाणी दुसरीकडं वळवलं, माती दाबली. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा म्हणेल. दुसऱ्यांदा म्हणाला असता तर मी फावडं तिथंच टाकून गेलो असतो, हे मी आज लिहितो. तो दुसऱ्यांदा म्हणाला नाही. बांधावरून उलटा उलटा चालत गेला, माझ्याकडं तोंड करून. पाटाशी आला तेव्हा माझा हात फावड्याच्या दांड्यावर आपोआप आपटला. टक्, टक्. त्यानं पाय लांब टाकला, पाट ओलांडला आणि मग सरळ होऊन जीपकडं गेला.

आमच्या बँडात मग दुसरा बँजोवाला आला. चांगला होता, सरळ चालायचा. मला मात्र खोड लागलेली. खड्डा आला की रिंगवर दोन ठोके जायचेच. तो मागून म्हणायचा, "दादा, ताल चुकून राह्यला तुमचा." मी म्हणायचो, "तू आपलं बघ." काही हंगामांनी मी ड्रम खुंटीला लावला. बँडही मग राहिला नाही.

भैंशाहून कापूस टाकून येणारे गाडीवाले बातम्या आणायचे. "किसनराव, काय चालते तुमचा मास्तर. भर बाजारातून उलटा गेला, एका माणसाले धक्का नाही लागला." मी विचारायचो, "मागं ड्रमवर कोण आहे?" तर म्हणायचे, कोणी बाबू म्हणून आहे. बाबूला मी पाहिलं नव्हतं, पण त्याचा ड्रम कसा असेल, तो काड्या कशा धरत असेल, हे सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. वाईटच ठरवलं. वर म्हणायचो, "तिथं डांबरी सडक आहे, तिथं म्हैसबी उलटी चालंल." माझ्या वांग्यांना भैंशाला चांगला भाव होता. मी ती आदिलाबादला न्यायचो. लांब पडायचं, बसवाला टोपल्यांवरून कटकट करायचा, पण भैंशाचा रस्ता मी धरला नाही. एक वरात दिसली असती तर मला बघावं लागलं असतं.

पुढं तो निर्मलच्या ऑर्केस्ट्रात गेला. तिथं मंच, खुर्ची, वरून रंगीत दिवे. उलटं चालायचा प्रश्नच नाही, लोक समोर बसलेले. मला ऐकून बरं वाटलं. पण तिथंही त्याचं नशीब बघा. निर्मलची लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका कारागिरानं त्याच्या बँजोच्या पेटीवर सोनेरी वेल आणि दोन मोर काढून दिले. गणपतीत तो गावी आला तेव्हा अख्खा पार ती पेटी बघायला जमला. मी गेलो नाही. माझी बायको गेली. येऊन म्हणाली, "मोर असे का जसे आता वरडतील." मी म्हटलं, "मग वरडू दे. भाकर वाढ."

नंतर आदिलाबादेत त्यानं स्वतःची बँजो पार्टी काढली. तेलुगू लोकांच्या लग्नांच्या सुपाऱ्या यायला लागल्या, इंद्रवेल्लीकडच्या जत्रेतही त्याला बोलावायचे. तेलुगू बोलायला शिकला. तिकडं त्याला बँजो अन्ना म्हणायचे. आदिलाबादच्या बसस्टँडपाशी मोठ्या फलकावर त्याचा फोटो लागला, काळा चष्मा, केस काळे केलेले, आणि पाठमोरा नाही, समोरून. मी टोपली उतरवताना तो फोटो रोज माझ्याकडं बघायचा. मी मग टोपली स्टँडच्या दुसऱ्या बाजूला उतरवायला लागलो. तिथं ऊन होतं.

डीजे आले तेव्हा मी खुश झालो, हे का लपवू? म्हटलं, आता बँजो संपला, आता हा माझ्यासारखाच घरी बसतो. तर डीजेवाल्यानं त्यालाच गाडीसमोर उभा केला. मागं भिंतीएवढे स्पीकर, पुढं हा म्हातारा बँजो घेऊन, आणि पोरं नाचून राह्यली. आता तर त्याचे व्हिडिओ निघाले. आमच्या सूनबाईनं मोबाइलवर मला एक दाखवला. माईक घेतलेला कोणी तरुण त्याला विचारत होता, "मास्तर, तुम्ही बँडात, ऑर्केस्ट्रात, सगळीकडं वाजवलं. पण हे उलटं चालणं कसं काय जमते?"

तो हसला. दात पडले होते. म्हणाला, "मागं माणूस असला की जमते."

तेवढंच. मग त्या पोरानं दुसराच प्रश्न विचारला. मी सूनबाईला म्हटलं, "पुन्हा लाव." तिनं लावलं. पुन्हा तेच, मागं माणूस असला की. कोण माणूस? त्याला नाव नाही? बापानं त्याला नाव ठेवलं नव्हतं? सूनबाई म्हणाली, "मामाजी, कितींदा पाहता?" मी म्हटलं, "आवाज नीट येत नाही तुह्या मोबाइलचा." आवाज चांगला येत होता.

शेवटी तो गावी परत आला. साखरेनं पायाची दोन बोटं गेली होती, दम लागायचा. सकाळी पाराजवळच्या हॉटेलात येऊन बसायचा, चहावाल्याकडं तोंड करून. मीही यायचो. गाव सगळं त्याच्याभोवती, मास्तर असं, मास्तर तसं. मी दुसऱ्या बाकड्यावर. एक दिवस लोक पांगले आणि तो बसल्या जागेवरून म्हणाला, "किस्ना, ड्रम आहे का अजून?"

"आहे."

"चामडं?"

"ढिलं पडलं."

"मग तान ना बे. ढिलं ठेवून काय लोणचं घालतं का त्याचं?"

मी चहा संपवून घरी गेलो आणि ड्रम काढून ताणला. त्यानं सांगितलं म्हणून नाही. मळ्यात काम नव्हतं त्या दिवशी. रिंग गंजली होती, ती राखेनं घासली. त्याच्या घरापासून माझं घर लांब नाही, ठोका त्याला ऐकू गेला असेल. दुसऱ्या दिवशी हॉटेलात तो त्यावर काही बोलला नाही. मला वाटलं, आज म्हणेल. मग वाटलं, उद्या म्हणेल. तो बोलायचा तो हवेवर, दम्यावर, आणि चहात साखर घालू नको यावर. मग हॉटेलात यायचा बंद झाला. आणि एका सकाळी त्याच्या बायकोचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

बँडवाल्याची माती वाजतगाजत न्यायची आणि त्याची सुपारी घ्यायची नाही, हा आमच्यात रिवाज आहे. निरोप गेला आणि दुपारपर्यंत सगळे आले. भैंशाचा बँड लाल कपड्यांत, निर्मलचे लोक, आदिलाबादची त्याची पार्टी. डीजेवालाही आला होता, गाडी गावाबाहेर ठेवून, हात जोडून. तिरडीच्या सगळ्यात जवळ कोणी चालायचं यावर कुजबूज सुरू झाली. प्रत्येकाला वाटत होतं, मास्तर आपला. मी कोणाला विचारलं नाही. ड्रम गळ्यात घातला आणि तिरडीच्या पुढं जाऊन उभा राहिलो. कोणी हलवलं नाही मला. म्हातारं माणूस समजून सोडलं असेल.

तिरडी उचलली, बँडांनी सूर धरला. मी चार पावलं पुढं तोंड करून चाललो. मग मला त्याचं ते बोलणं आठवलं, ज्याच्यासाठी वाजवून राह्यलो त्यालेच पाठ दाखवू काऊन. आणि मी फिरलो. त्याच्याकडं तोंड केलं आणि उलट्या पावलानं चालायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा. खांदेकऱ्यांपैकी एक म्हणाला, "अहो आबा, पडसाल ना." मी म्हटलं, "तुमी खांदा नीट धरा." गावात नळाच्या पायपासाठी नाली खोदलेली आहे, आज इकडं, उद्या तिकडं. कुठपर्यंत आली आहे हे मला आठवेना. मागचं काही दिसत नाही. पाय टेकेपर्यंत जमीन आहे की नाही हेही कळत नाही. हा माणूस जन्मभर असा चालला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे किती भ्याव वाटायचं काम आहे.

आणि माझ्या पाठीमागून, सगळ्या पिपाण्यांच्या आवाजातून, रिंगवर दोन कोरडे ठोके आले. टक्, टक्.

माझा पाय आपोआप लांब पडला. टाचेखाली नालीची कड आली, भुसभुशीत माती सरकली, पण मी पलीकडं होतो. पुढं वळण आलं तेव्हा ड्रम लांब घुमला. महादेवाच्या देवळापाशी गाई बांधतात, तिथं तीन ठोके आले, आणि मी पाय बाजूला टाकला. तोच हिशोब, तीच भाषा. माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे त्यानं हे दुसऱ्याला शिकवलं होतं. आमच्या दोघांचं होतं ते, आम्ही कधी तोंडानंही बोललो नव्हतो, ते यानं नेऊन दुसऱ्याच्या हातात दिलं. मी तिरडीकडं बघत होतो आणि मनात त्याला शिव्या देत होतो. नाल्याच्या काठापर्यंत तसाच गेलो. पडलो मात्र नाही.

आग दिल्यावर सगळे लिंबाखाली बसले. लाल कपड्यातला एक माणूस पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याकडं आला. मिशा पांढऱ्या, गळ्यात ड्रम तसाच. ज्याला मी एवढी वर्षं मनात वाईट ठरवलं होतं, तो हाच. तो म्हणाला, "आबा, मी बाबू, भैंशाचा. ठोके बरोबर ऐकू आले ना? मले भेव होतं, का तुमाले त्याची खूण माहीत आहे का नाही."

"ऐकू आले," मी म्हटलं. "तुले कोणी दाखवले?"

"मास्तरनं. आल्या दिवशीच सांगितलं, हे येत असंल तर मी उलटा चालतो, नाही तर सरळ. महिनाभर माहा पिच्छा सोडला नाही त्यायनं. निर्मलले गेले, आदिलाबादेत पार्टी काढली, तिथल्या ड्रमवाल्यायलेबी शिकवलं. आमी सगळे याले किस्नाचा ठोका म्हणतो."

मी तांब्या खाली ठेवला.

"कोण किस्ना, ते आमाले माहीत नाही," बाबू म्हणाला. "मास्तर म्हणत, किस्नाचा ठोका दे बे, अजून किस्नासारका नाही आला. जुना कोणी उस्ताद असंल त्यायचा."

नाल्यापलीकडं धूर सरळ वर जात होता. लोक आपापल्या चपला शोधत होते. मी बाबूला माझं नाव सांगितलं नाही. त्याच्या हातातल्या काड्या घेतल्या आणि त्याच्या ड्रमच्या रिंगवर दोन ठोके देऊन दाखवले.

"दुसरा ठोका तू लवकर मारतं," मी म्हटलं. "जरासा थांबून मार. मागच्या माणसाले पाय उचलाले टाइम लागते."